शेवटच्या रांगेतला घुमारा: सभागृहात खर्ज सगळ्यांना सारखा कसा ऐकू येईल?

मंडळाच्या कार्यक्रमांनंतर आवाजाबद्दल जे अभिप्राय येतात, त्यांत एक गंमत नेहमी दिसते. मैफल एकच, पण तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट. मधल्या रांगांतले रसिक म्हणतात, बायाला अंगच नव्हते, तबला कोरडा वाटला. मागच्या भिंतीला टेकून बसलेले ज्येष्ठ सभासद म्हणतात, नुसते घूं घूं चालले होते, निवेदनातला शब्द कळला नाही. मिक्सर सांभाळणाऱ्याला विचारावे, तर त्याच्या खुर्चीवर सगळे व्यवस्थित असते.

तिघेही खरेच सांगत असतात. सभागृहात खर्जाचा आवाज प्रत्येक खुर्चीवर वेगळा असतो, आणि हा फरक थोडाथोडका नसून कानाला सहज जाणवेल इतका असतो. तो का पडतो आणि कमी कसा करता येतो, हे या लेखात सांगायचे आहे. ध्वनिव्यवस्थेवर होणारा खर्च सभासदांच्या वर्गणीतून होतो, म्हणून तो कशावर करावा आणि कशावर करू नये, हेही सगळ्यांना माहीत असलेले बरे.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. इक्वलायझरने खर्ज सगळ्या खुर्च्यांवर सारखा होत नाही. आधी सबवूफरची जागा, मग त्यांची संख्या, मग खुर्च्यांची मांडणी, आणि सर्वांत शेवटी इक्वलायझर, असा हा क्रम आहे. बहुतेक ठिकाणी तो उलटा चालतो.

खर्ज म्हणजे नेमका किती खालचा आवाज?

पुरुष गायकांची नेहमीची पट्टी काळी एक धरू. तिचा मध्य सप्तकातला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. बायाचा मूळ घुमाराही साधारण याच परिसरात येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की तोही असाच खाली उतरतो. होळकरांच्या आश्रयाने इंदुरात राहिलेल्या नाना पानसे यांच्या पखवाज परंपरेचे हे गाव आहे. पखवाजाचा डावा हात अर्ध्या सभागृहाला ऐकूच येऊ नये, ही गोष्ट इथे तरी चालवून घेण्यासारखी नाही.

आता लांबीचा हिशेब पाहू. आपल्याकडच्या नेहमीच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे ६९ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी ५ मीटर भरते. उलट 'स', 'श' या व्यंजनांमधला सळसळणारा भाग काही हजार हर्ट्झचा असतो आणि त्याची लाट काही सेंटिमीटरचीच असते. सभागृहात या दोन्हींची वागणूक पूर्णपणे वेगळी होते. बारीक लाटा भिंती, माणसे, खुर्च्या यांवर आपटून विखुरतात आणि बऱ्यापैकी एकसारख्या पसरतात. पाच-सहा मीटरची लाट मात्र दोन भिंतींच्या मध्ये मोजून बसावी तशी अडकते.

दोन भिंतींमध्ये उभी राहिलेली लाट

लांबट आयताकृती हौदातले पाणी एका टोकाने तालात ढकलत राहिले, तर एका विशिष्ट लयीला ते जोरात हिंदकळू लागते. दोन्ही टोकांना पाणी भराभर वर-खाली होते, पण बरोबर मध्यभागी पातळी जवळजवळ हलत नाही. लय दुप्पट केली की मध्यभागही वर-खाली होऊ लागतो आणि पातळी स्थिर राहण्याच्या जागा दोन होतात. बंद सभागृहातली हवा अशीच हिंदकळते. जिथे हवेचा दाब जोराने वर-खाली होतो तिथे तो सूर घुमतो. जिथे दाब बदलतच नाही तिथे तो सूर मुका होतो. आपण यांना घुमते पट्टे आणि मुके पट्टे म्हणू.

शंभरेक खुर्च्यांचे एक सभागृह उदाहरणाला घेऊ. लांबी १२ मीटर, रुंदी साडेसात मीटर, उंची ३.६ मीटर. पहिली अडकणारी लाट काढायची, तर ध्वनीच्या वेगाला दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागायचे. पुढच्या लाटा तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट येतात.

- लांबीच्या दिशेने: साधारण १४, २९, ४३, ५७.५ आणि ७२ हर्ट्झ.
- रुंदीच्या दिशेने: २३, ४६, ६९ आणि ९२ हर्ट्झ.
- उंचीच्या दिशेने: ४८ आणि ९६ हर्ट्झ.

याखेरीज दोन-दोन, तीन-तीन दिशांच्या मिश्र लाटाही असतात, पण मुद्दा समजायला एवढ्या पुरेत. रुंदीतली तिसरी लाट पाहा, बरोबर ६९ हर्ट्झ. म्हणजे काळी एकमधला खर्जच. तिचे मुके पट्टे तीन आहेत: दोन्ही बाजूच्या भिंतींपासून सव्वा मीटरवर एकेक, आणि एक सभागृहाच्या थेट मध्यरेषेवर. ही लाट जोरात उठली तर सर्वांत मानाच्या, मधल्या खुर्च्यांवर तंबोऱ्याचा खर्ज सर्वांत कमी ऐकू येईल.

लांबीच्या दिशेने ५७.५ हर्ट्झच्या लाटेत एक घुमता आणि एक मुका पट्टा यांच्यातले अंतर दीड मीटर असते. खुर्च्यांच्या रांगा साधारण ९० सेंटिमीटरवर असतात, म्हणजे घुमत्या पट्ट्यातून दोन रांगा मागे सरकले की ऐकणारा मुक्या पट्ट्याजवळ जातो. बायाची गोष्ट तर आणखी वेगळी. वादक मनगटाने दाब देऊन जी मींड काढतो, तिचा सूर सरकत जातो. सरकताना तो अशा एकेका लाटेवरून जातो. मग मींडेतला एक भाग एकदम फुगतो, दुसरा नाहीसा होतो. वादकाने ती सलग काढलेली असते, पण आपल्या खुर्चीपर्यंत ती तुकड्यांत येते. दोष हाताचाही नसतो आणि माइकचाही नसतो.

हा सगळा प्रकार किती हर्ट्झपर्यंत चालतो? जर्मन शास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी त्यासाठी एक साधे सूत्र दिले आहे. आवाज विरायला लागणारा वेळ सेकंदांत घ्यावा, त्याला खोलीच्या घनमीटरांनी भागावे, वर्गमूळ काढावे आणि २००० ने गुणावे. आपल्या उदाहरणातले सभागृह ३२४ घनमीटरचे आहे. आवाज विरायला १.२ सेकंद लागत असतील, तर उत्तर सुमारे १२० हर्ट्झ येते. त्याच्या वर लाटांची इतकी दाटी होते की फरक आपोआप बुजतात. त्याच्या खाली मात्र खोलीची मापेच राज्य करतात.

इक्वलायझर काय करतो आणि काय करू शकत नाही

इक्वलायझर स्पीकरकडे जाणारा एखादा सूर कमी-जास्त करतो. तो सूर पुढे सगळ्या खुर्च्यांकडे जातो. समजा ५७.५ हर्ट्झ सहाव्या रांगेत दहा डेसिबलने फुगला आहे आणि चौथ्या रांगेत जवळजवळ नाहीच. सहाव्या रांगेसाठी तो दहा डेसिबलने उतरवला, तर तिथले लोक सुखावतील आणि चौथ्या रांगेत होता तेवढाही उरणार नाही. दोन रांगांमधला फरक जितका होता तितकाच राहील. घरातल्या सगळ्या ताटांत एकाच पातेल्यातली आमटी वाढायची असेल, तर पातेल्यात मीठ वाढवून एकाच ताटाची चव सुधारता येत नाही.

चौथ्या रांगेसाठी तो सूर वाढवणे तर जास्तच वाईट. मुका पट्टा हा समोरून येणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट यांनी एकमेकींना खाऊन टाकल्यामुळे झालेला असतो. समोरची वाढवली की परतणारीही तेवढीच वाढते आणि पट्टा मुकाच राहतो. दहा डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते, म्हणजे शंभर वॉटच्या जागी हजार. ती सगळी शक्ती इतर रांगांच्या कानांवर आणि सबवूफरच्या पडद्यावर जाते.

एका जागी मात्र इक्वलायझर हक्काने वापरावा. उंचीच्या दिशेची ४८ हर्ट्झची लाट घ्या. सपाट जमिनीवर बसलेल्या सगळ्यांचे कान साधारण एकाच उंचीवर असतात, त्यामुळे या लाटेचा परिणाम सगळ्यांवर जवळपास सारखाच होतो. जे सगळ्यांना सारखे फुगलेले ऐकू येते, ते सगळ्यांसाठी एकदम उतरवता येते. यातूनच कामाचा नियम निघतो: आधी खुर्च्यांमध्ये एकवाक्यता आणायची, मग जे सर्वांमध्ये समान उरले तेवढेच इक्वलायझरने दुरुस्त करायचे.

सबवूफर कुठे ठेवायचे?

हौदाच्या उदाहरणाकडे परत जाऊ. पाणी टोकाला ढकलले तर ते हिंदकळते. पण जिथे पातळी हलतच नाही, त्या जागी ढकलले तर ती लय उठत नाही. सबवूफरचेही तसेच आहे. कोपऱ्यात ठेवला, तर तो तिन्ही दिशांच्या सगळ्या लाटा जोराने उठवतो. म्हणूनच कोपऱ्यातला सबवूफर भरपूर वाजतो आणि सर्वांत असमान वाजतो. एखाद्या लाटेच्या मुक्या पट्ट्यावर ठेवला, तर ती लाट जवळजवळ उठतच नाही.

दुसरी युक्ती जोडीची. दोन सारखे सबवूफर मध्यरेषेच्या दोन बाजूंना समान अंतरावर ठेवून एकाच वेळी एकाच दिशेने ढकलू लागले, की रुंदीतली पहिली, तिसरी, पाचवी, अशा सगळ्या विषम लाटा आपोआप रद्द होतात. एक त्या लाटेला जितके उचलतो तितकेच दुसरा दाबतो.

या दोन्ही युक्त्या एकत्र आणता येतात. रुंदीचे चार समान भाग करा आणि दोन सबवूफर पहिल्या व तिसऱ्या खुणेवर ठेवा. साडेसात मीटरच्या सभागृहात ही जागा दोन्ही बाजूच्या भिंतींपासून सुमारे १ मीटर ८८ सेंटिमीटरवर येते. जोडीमुळे २३ आणि ६९ हर्ट्झच्या लाटा गेल्या. दुसऱ्या लाटेचे, म्हणजे ४६ हर्ट्झचे, मुके पट्टे बरोबर याच खुणांवर असतात, त्यामुळे तीही गेली. आता ९२ हर्ट्झपर्यंत रुंदीच्या दिशेने त्रास देणारी लाटच उरली नाही. मधल्या खुर्चीवर आणि कडेच्या खुर्चीवर खर्ज जवळपास सारखा पोचेल. यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागत नाही. मंचाच्या दोन कोपऱ्यांत ढकलून ठेवलेले सबवूफर फक्त आत सरकवायचे.

लांबीचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण मंच एका टोकाला असतो. तरी तिथेही जागेची मदत होते. पुढच्या भिंतीपासून साडेचार मीटरवर ५७.५ हर्ट्झचा मुका पट्टा आहे. मंच साडेतीन मीटर खोल असेल, तर त्याच्या कडेपासून मीटरभर पुढे जमिनीवर ठेवलेला सबवूफर बरोबर या पट्ट्यावर येतो आणि ती लाट फारशी उठत नाही. पहिली रांग मात्र थोडी मागे घ्यावी लागते. ४३ आणि ७२ हर्ट्झ यानंतरही शिल्लक राहतात.

त्यांच्यासाठी मागच्या बाजूलाही सबवूफर लागतात. पुढच्या आणि मागच्या भिंतीला लागून सारखी जोडी ठेवली, तर लांबीतल्या विषम लाटा रद्द होतात. मंचाखाली पुढच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा असेल तर हे साधते. मात्र मंचाच्या फळ्या आणि खिळे वाजणार नाहीत, याची आधी खात्री करावी. पुढची जोडी मंचासमोर ठेवली, तर ही सममिती मोडते. मग मागच्या जोडीचा आवाज आणि विलंब मोजूनच जुळवावा लागतो. 'मागून आवाज येतोय असे वाटणार नाही का?' ही शंका रास्त आहे. सबवूफरकडे ८० हर्ट्झच्या खालचाच आवाज पाठवला आणि तो स्वच्छ असला, तर त्याची दिशा कानाला ओळखता येत नाही. ताण पडून सबवूफर खरखरू लागला, की मात्र लगेच मागे लक्ष जाते.

किती सबवूफर पुरतात, याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. हरमन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे निबंध मांडला. आयताकृती खोलीत वेगवेगळ्या संख्येने आणि वेगवेगळ्या जागी सबवूफर ठेवले तर ऐकण्याच्या जागांमध्ये किती फरक पडतो, हे त्यांनी संगणकावर तपासले. चार भिंतींच्या मध्यबिंदूंवर चार ही मांडणी उत्तम ठरली. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन, हीही तिच्या बरीच जवळ आली. चारच्या पुढे संख्या वाढवून विशेष लाभ दिसला नाही. पुढे २००६ मध्ये वेल्टी आणि अ‍ॅलन डेव्हेंटियर यांनी प्रत्येक सबवूफरचा आवाज, विलंब आणि गाळणी वेगवेगळी ठरवून खुर्च्यांमधला फरक आणखी कमी करण्याची रीत मांडली. त्यांचे काम घरगुती खोल्यांपुरते होते, पण लहान सभागृहाला तत्त्व तेच लागू पडते. एक प्रचंड सबवूफर घेण्यापेक्षा दोन किंवा चार मध्यम सबवूफर योग्य जागी ठेवणे चांगले.

मागची रांग, ज्येष्ठ आणि शब्द

लांबीतल्या प्रत्येक लाटेचा घुमता पट्टा मागच्या भिंतीवर असतो. एकाही लाटेचा मुका पट्टा तिथे नसतो. त्यामुळे भिंतीला टेकलेल्या खुर्च्यांवर खर्ज कायम जास्त असतो आणि कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर सर्वांत जास्त. आता या खुर्च्यांवर बसते कोण? दार जवळ, पाठीला भिंतीचा आधार आणि मध्येच उठावे लागले तर कुणाला त्रास नको, म्हणून आपले ज्येष्ठ सभासद तिथेच बसतात.

याचा परिणाम फक्त कानाला जड वाटण्यापुरता राहत नाही. जोरदार खालचा आवाज त्याच्या वरच्या आवाजांना झाकून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. वयाबरोबर बारीक आवाज ऐकण्याची शक्ती आधी कमी होते, आणि व्यंजने तर त्या बारीक आवाजांवरच अवलंबून असतात. मग 'साठ' आणि 'आठ' यांत फरक कळेनासा होतो. शब्दाचा आकार ऐकू येतो पण शब्द कळत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा कानाच्या दोषावर ढकलली जाते. तिच्यातला बराच भाग खोलीचा असू शकतो.

मुलांच्या बाजूनेही हा विचार करावा असे आम्हाला वाटते. आपल्या मुलांची शाळा इंग्रजीतून, मैदानावरचे बोलणे हिंदीतून. सलग दोन तास चांगली, जाणकारांची मराठी कानावर पडते ती पुष्कळदा याच सभागृहात. ती घुमाऱ्याखाली दबली तर मुलगा कंटाळतो, आणि कंटाळला की पुढच्या वेळी येत नाही. नाटक कठीण होते म्हणून तो गेला की ऐकूच आले नाही म्हणून, हे आपल्याला कधीच कळत नाही.

यावर दोन उपाय आजच करता येतात. पहिला, शेवटची रांग भिंतीपासून निदान मीटरभर पुढे घ्यायची. शंभर खुर्च्यांतल्या सात-आठ कमी झाल्या तरी चालतील. दुसरा, निवेदन, भाषण आणि संवाद यांच्या माइकवर १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापायचे बटण चालू ठेवायचे. बोलण्याच्या स्पष्टतेसाठी त्या खालचे काही लागत नाही. उलट माइक ओठांजवळ धरला की खालचा आवाज उगाच फुगतो आणि 'प', 'भ' म्हणताना धप्प होते. सबवूफरकडे तबला, पखवाज, तंबोरा आणि लागेल तेव्हा ध्वनिमुद्रित संगीत एवढेच पाठवावे. मिक्सरमध्ये त्यासाठी स्वतंत्र वाट काढता येते.

मोजायचे कसे?

कुठलेही सभागृह कागदावरच्या आयतासारखे नसते. मंच पोकळ असतो, छताखाली दुसरे छत असते, एका बाजूला मोठे दार असते. म्हणून गणित सुरुवातीपुरते घ्यायचे आणि निर्णय मोजूनच करायचा. त्यासाठी एक मोकळी संध्याकाळ आणि दोन माणसे पुरतात.

१. दोन्ही सबवूफर एकाच दिशेने ढकलतात ना, हे आधी पाहावे. एकाची जोडणी उलटी असेल तर मध्यरेषेवर खर्ज नाहीसा होतो. एकाची वायर किंवा बटण उलटे करून पाहावे. मध्ये उभे राहिल्यावर ज्या जोडणीत आवाज भरदार येतो, ती बरोबर.

२. सभागृहाचे तीन आडवे आणि तीन उभे भाग पाडून नऊ खुर्च्या ठरवाव्यात. त्यांत मागच्या कोपऱ्यातली एक हवीच.

३. मिक्सरमधून ४०, ५०, ६३, ८० आणि १०० हर्ट्झचे सूर एकेक करून मध्यम आवाजात लावावेत. प्रत्येक खुर्चीवर कानाच्या उंचीला मोबाइल धरून ध्वनिमापक अ‍ॅपमधला आकडा लिहावा. अ‍ॅपमध्ये 'सी' किंवा 'झेड' ही मोजपट्टी निवडावी. 'ए' मोजपट्टी ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कमी दाखवते. मोबाइलचा आकडा खालच्या सुरांना अचूक नसतो, पण एकाच सुरासाठी खुर्च्या-खुर्च्यांमधला फरक त्यातून कळतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

४. प्रत्येक सुरासाठी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक काढावा. सबवूफर सरकवून पुन्हा मोजावे. हा फरक ज्या मांडणीत कमी होतो, ती मांडणी ठेवावी आणि जमिनीवर रंगाने खूण करावी.

५. त्यानंतरच इक्वलायझरला हात लावावा. नऊपैकी बहुतेक खुर्च्यांवर जो सूर फुगलेला दिसतो, तेवढाच उतरवावा. खड्डे भरायला जाऊ नये.

जास्त खोलात जायचे असेल तर 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक घेऊन संपूर्ण आलेख काढता येतो. कामाची पद्धत मात्र हीच राहते.

पडदे, फोम आणि भरलेले सभागृह

'भिंतींना फोम लावून टाका' हा सल्ला वारंवार मिळतो. फोम आणि पडदे बारीक आवाज शोषतात, खर्जाला त्यांची दखलही नसते. ५७.५ हर्ट्झची पाव लाटच दीड मीटरची आहे. तिच्यापुढे दोन इंची फोम म्हणजे कागदाची भिंत. उलट फक्त वरचे आवाज शोषले गेले की उरलेला खर्ज आणखी जास्त वाटतो.

माणसे आणि खुर्च्याही आवाज शोषतात. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात हाच अभ्यास केला, शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणून आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजून. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या कामाने घातला. आपल्यासाठी त्यातला उपयोगाचा भाग असा: प्रेक्षक वरचे आवाज बरेच शोषतात, खर्ज फार थोडा. रिकाम्या सभागृहात नीट वाटलेला खर्ज भरलेल्या सभागृहात जड वाटू शकतो. म्हणून चाचणीच्या वेळी खर्ज थोडा कमीच ठेवावा आणि मिक्सर सांभाळणाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत एकदा मागच्या रांगेपर्यंत चालून यावे.

मोठे नाट्यगृह, मांडव आणि घर

हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात खोली इतकी मोठी असते की अडकलेल्या लाटांचा त्रास फार खाली जातो. गणपतीच्या उघड्या मांडवात तर भिंतीच नसतात. तिथे वेगळीच अडचण येते. मंचाच्या दोन टोकांना सबवूफर ठेवले की मध्यरेषेवर दोन्हींचा आवाज एकाच वेळी पोचून फुगतो. थोडे बाजूला गेले की एकाची लाट उशिरा येते आणि ६० हर्ट्झला तीन मीटरच्या आसपास फरक पडला की दोघी एकमेकींना खातात. म्हणून उघड्या मांडवात दोन्ही सबवूफर मंचासमोर मध्यभागी एकमेकांना चिकटून ठेवावेत. बंद सभागृहातली चतुर्थांशाची युक्ती भिंतींच्या भरवशावर चालते, ती मांडवात नेऊ नये.

घरी जुन्या मैफिली ऐकणाऱ्यांसाठीही थोडे सांगतो. साडेचार बाय ३.३ मीटरच्या दिवाणखान्यात पहिल्या दोन लाटा ३८ आणि ५२ हर्ट्झच्या आसपास येतात. सोफा भिंतीला चिकटवला तर घुमारा वाढतो, अगदी मधोमध ठेवला तर खर्ज हरवतो. दोन्ही टाळावे. सबवूफर एकच असेल तर तो तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवून बायाचे एखादे वादन लावावे आणि स्वतः खोलीत कडेकडेने वाकून फिरावे. जिथे घुमारा सलग आणि मोकळा ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवावा. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी त्यांच्यामधला मार्ग तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते.

मंडळांनी काय करावे?

नवीन इक्वलायझरचा किंवा मोठ्या सबवूफरचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला, तर आधी एवढेच विचारावे: सध्याचे सबवूफर जागा बदलून मोजले का? नऊ खुर्च्यांचा तक्ता आहे का? तो तक्ता एका पानाचा असतो आणि त्याला खर्च येत नाही. तो पाहिल्यावर दुसरी जोडी खरोखर हवी आहे असे दिसले, तर पैसे तिच्यावर घालावेत, कारण ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात.

उत्सवाच्या कार्यक्रमांआधी एक संध्याकाळ या मोजणीसाठी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. ज्येष्ठ सभासदांनी त्या दिवशी आपापल्या नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसावे. कुठल्या खुर्चीवर शब्द कळतो आणि कुठे नाही, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.